खाटेवरचा साक्षीदार

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात एक प्रसिद्ध चित्र आहे. आसनावर एक स्त्री कलंडली आहे. तिची मान झुकली आहे, डोळे अर्धवट मिटले आहेत, हाताची बोटे सैल पडली आहेत. एका दासीने तिला मागून सावरले आहे, दुसरी तिचा हात धरून चेहऱ्याकडे पाहते आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अभ्यासकांनी या चित्राला ‘मरणोन्मुख राजकन्या’ असे नाव देऊन टाकले. पुढे शेजारच्या प्रसंगांशी जोडून ते वाचले गेले, तेव्हा ध्यानात आले की ही बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी सुंदरी असावी. नवऱ्याने दीक्षा घेतली, त्याचा मुकुट घरी परत आला आणि तो पाहून ती कोसळली. तिला रोग कसलाच नव्हता. चित्रातल्या बाईला विचारायची सोय नसते, म्हणून तो चुकलेला अंदाज माफ करता येतो. पण खाटेवरच्या जित्याजागत्या माणसाच्या बाबतीतही वैद्यकाने कितीदा हेच केले आहे. त्याचे अंग तपासले, त्याला मात्र काही विचारले नाही आणि काही सांगितलेही नाही. रुग्णालयात भरती झालेल्या माणसाला त्याच्या सुरक्षिततेचे शिक्षण द्यावे, ही कल्पना आज परदेशातून आलेली नवी टूम वाटते. अजिंठ्याच्या डोंगराखाली वसलेल्या सोयगाव तालुक्याच्या अंगाने इतिहास पाहिला, तर ती तशी नवी नाही असे दिसते. शिवाय अशा तालुक्याला तिची गरज मोठ्या शहरापेक्षा अधिक आहे, असे मला म्हणायचे आहे.

लेण्यांच्या पायथ्याचे फर्दापूर सोयगाव तालुक्यातच येते. या डोंगरात वर्षावास करणाऱ्या भिक्षूंचे रोजचे जगणे विनयाच्या, म्हणजे भिक्षुसंघाच्या आचारसंहितेच्या, नियमांनी बांधलेले होते आणि त्या नियमांत आजारपणाला स्वतंत्र जागा होती. पाली विनयातल्या महावग्गात एका भिक्षूची हकिकत येते. त्याला अतिसार झालेला होता आणि तो स्वतःच्याच घाणीत पडून होता. संघाच्या कामाला तो येत नाही म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. बुद्धाने आणि आनंदाने त्याला स्वतः धुऊन काढले आणि मग आजाऱ्याच्या सेवेचा नियम घालून दिला. ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. त्याच ठिकाणी पुढे जे येते, त्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. शुश्रूषा करणाऱ्याने कसे असावे हे सांगताना, कोणत्या आजाऱ्याची शुश्रूषा करणे सोपे आणि कोणत्याची अवघड, याचीही पाच-पाच लक्षणे तिथे दिली आहेत. सोसेल तेच करणे, त्यातही प्रमाण राखणे, औषध घेणे आणि वेदना सहन करणे ही चार लक्षणे अपेक्षितच आहेत. पाचवे महत्त्वाचे आहे. दुखणे वाढते आहे, उतरते आहे की आहे तसेच आहे, हे आजाऱ्याने आपल्या हितचिंतकाला खरेखरे सांगायचे. म्हणजे आजाऱ्याकडेही एक काम सोपवलेले होते आणि ते त्याला शिकवण्याजोगे मानले जात होते.

आयुर्वेदानेही हेच वेगळ्या मांडणीतून सांगितले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय मानले आहेत: वैद्य, औषधी द्रव्य, परिचारक आणि रोगी. रोग्याचे गुण चार: स्मृती, सांगितलेले करणे, निर्भयता आणि ज्ञापकत्व, म्हणजे आपल्याला काय होते आहे ते नीट सांगता येणे. काही शतकांनंतरच्या वाग्भटाने हीच यादी पुन्हा दिली, तेव्हा ज्ञापकत्व टिकले आणि मनाचे धैर्यही टिकले. स्मृती मात्र गळाली आणि तिच्या जागी रोगी धनवान असावा ही अट आली. वैद्याच्या मुठीत राहणे दोन्हीकडे आहेच. या जुन्या ग्रंथांत आजचे रुग्णहक्क शोधू नयेत, असा आक्षेप कोणी घेतला तर तो रास्त आहे. चरकाचा रोगी प्रश्न विचारणारा नागरिक नाही. आज्ञा पाळणे हा त्याचा एक गुणच आहे, आणि असाध्य रोग्याला हात लावू नये असे सांगणारीही हीच परंपरा आहे. माझा दावा त्याहून लहान आहे. उपचाराचा एक पाय रोग्याच्या सांगण्यावर उभा असतो, आणि हा पाय लंगडा असेल तर बाकीचे तीन कितीही भक्कम असले तरी डोलारा कलतो, ही समज या भूमीत जुनी आहे. हक्कांची भाषा नंतर आली. उपयोगाची भाषा आधीपासून होती.

या परिसरात मोठ्या संख्येने रुग्ण एकत्र ठेवण्याची वेळ आली ती युद्धामुळे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. पण त्याच्या स्वतःच्या बाजूला अकराशेहून अधिक माणसे जखमी झाली. दौलताबादच्या किल्लेदाराने जखमींना आत घ्यायला नकार दिला, तेव्हा घाटमाथ्यावरच्या अजिंठा गावाच्या गढीत इस्पितळ उभे राहिले. सोयगावच्या लोकांचा नेहमीच्या जाण्यायेण्याचा घाट तो हाच. लष्करी इस्पितळाचा साचा पुढच्या नागरी रुग्णालयांनीही बराचसा उचलला: रांगेतल्या खाटा, वरिष्ठांची फेरी, हुकूम आणि नोंद. या साच्यात जखमी माणूस आकडा म्हणून येतो. इतके मेले, इतके बरे होऊन पलटणीत परतले. शिस्तीने अनेकांचे जीव वाचवले, यात शंका नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने क्रिमियाच्या युद्धानंतर आकड्यांच्याच जोरावर दाखवून दिले की शत्रूच्या गोळीपेक्षा इस्पितळातली घाण जास्त सैनिक मारते. मात्र ही सुधारणा झाली ती व्यवस्थेकडून व्यवस्थेकडे. खाटेवरच्या माणसाने निमूट पडून राहायचे, ही अपेक्षा तिच्यातही तशीच राहिली.

सोयगाव तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आणि त्या राज्याच्या राजधानीत रुग्णसुरक्षेच्या इतिहासातला एक मोठा वाद रंगला. क्लोरोफॉर्मची भूल देताना काही रुग्ण टेबलावरच दगावत. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांचे म्हणणे असे की हृदयाला धोका नाही, फक्त श्वासावर नजर ठेवा. हे सिद्ध करायला निजामाच्या पैशातून १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग नेमले गेले. दुसऱ्यासाठी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने लंडनहून लॉडर ब्रंटन यांना धाडले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरींच्या बाजूने लागला. पण १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलीत हृदयाची लय एकाएकी बिघडू शकते, आणि शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढलेले असेल तर हा धोका अधिक असतो. अ‍ॅड्रेनलिन तर भीतीने वाढते. टेबलावर घाबरून धडपडणारा रुग्ण खरोखरच जास्त धोक्यात होता. चरकाने रोग्याच्या गुणांत निर्भयता घातली तेव्हा त्याला हे रसायन ठाऊक नव्हते. पण घाबरलेल्या माणसाला काय होणार आहे ते सांगून शांत करणे हा नुसता शिष्टाचार नाही, त्याचा संबंध थेट जिवाशी आहे, हे या वादाच्या शेवटाने उघड केले. सुरक्षिततेसाठी राज्याने पैसा ओतला, जगभरची विद्या आणली; रुग्णाच्या मनःस्थितीची चौकशी मात्र आयोगाच्या कक्षेत कुठेच नव्हती.

न सांगण्याची किंमत मुंबई इलाख्यात लवकरच मोजावी लागली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. घरातून उचलून इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही आणि तिथे त्याचे काय करतात ते कोणी सांगत नाही, एवढे अफवांना पुरले. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. पुढच्या वर्षी पुण्यात सक्तीच्या घरझडतीवरून लोकांचा रोष कसा उसळला, ते महाराष्ट्राला ठाऊकच आहे. लोक अडाणी होते, म्हणून भ्याले, असे सरकारी अहवाल सांगत राहिले. पण त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णाची सेवा करताना गेल्या. मुलगा यशवंतच्या दवाखान्यात त्या रुग्णांना स्वतः घेऊन येत आणि लोक त्यांच्याबरोबर येत. रोग तोच होता, भीतीही तीच होती. जिथे आपल्या भाषेत बोलणारे, हात धरणारे माणूस होते, तिथे रुग्ण दवाखान्याची पायरी चढला. यावरून सगळा दोष अबोल्याचा होता असे म्हणता येणार नाही, कारण सक्ती आणि अपमान हीदेखील मोठी कारणे होती. तरी अबोल्याने सक्तीला अधिक धार आणली, एवढे नक्की.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामी राजवटीतून मोकळा झाला. १९५६ मध्ये औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि त्याचे रुग्णालय ‘घाटी’ या नावाने साऱ्या मराठवाड्याच्या तोंडी बसले. संस्थानाच्या कारभाराची उर्दू गेली, पण कागदावर मराठी आली नाही. दवाखान्यात इंग्रजी बसली. आज सोयगावच्या रुग्णाचा प्रवास कसा होतो ते पाहावे. गावात एक डॉक्टर सुई देतो. तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, मग सोयगावचे ग्रामीण रुग्णालय. तिथून रेफरची चिठ्ठी मिळते आणि शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या घाटीकडे गाडी निघते. कधी ती जिल्हा ओलांडून पाचोऱ्याला किंवा जळगावला वळते, कारण तालुका घाटाखाली खानदेशाला खेटून आहे. प्रत्येक ठिकाणी डॉक्टर नवा, सिस्टर नवी, केसपेपर नवा. सगळ्या टप्प्यांवर हजर असतो तो एकच माणूस, स्वतः रुग्ण. आणि त्याच्या शेजारी, मांडीवर प्लास्टिकची पिशवी घेतलेले घरचे माणूस. पिशवीत गुंडाळी झालेली एक्स-रेची फिल्म असते, अर्धवट फाटलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या असतात, रक्त तपासणीचा अस्पष्ट कागद असतो. मोठ्या शहरातल्या एकाच छताखालच्या रुग्णालयात हा दुवा संगणक राखू शकतो. सोयगावच्या वाटेवर तो पिशवी आणि पिशवीवाला राखतो. म्हणून या माणसाला शिकवणे हा उपकार नव्हे. साखळीतली जी कडी सर्वांत जास्त ताणली जाते, ती भक्कम करण्याचा तो मार्ग आहे.

शिकवायचे काय, तर ते फार नाही. वॉर्डात आल्या आल्या आपले पूर्ण नाव सांगायचे, आणि सुई, रक्त किंवा ऑपरेशन यांच्या आधी नाव विचारले नाही तर आपणच सांगायचे. एका वॉर्डात एकाच नावाचे दोन रुग्ण निघणे आपल्याकडे नवलाचे नाही. मागे कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठले किंवा धाप लागली, ते न विचारताही बोलायचे. घरून आणलेल्या गोळ्या, काढे, जडीबुटी पिशवीच्या तळाशी लपवायची नाही, सिस्टरसमोर ठेवायची. डॉक्टर रागावतील म्हणून दडवलेली पुडी वॉर्डातल्या औषधाशी भांडू शकते. सलाईन हळू चालले म्हणून नातेवाइकाने नळीवरची चकती स्वतः फिरवायची नाही; हे आपल्या वॉर्डांत सर्रास दिसते आणि हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्याला ते महागात पडते. सुईची जागा सुजली, जळजळली तर लगेच हाक मारायची. जखमेला हात लावण्याआधी हात धुतले का, असे कोणालाही विचारायला हरकत नाही, हे रुग्णाला आधीच सांगून ठेवायचे. रात्री चक्कर येत असेल तर खाटेवरून एकट्याने उतरायचे नाही. अंगठा किंवा सही देण्याआधी कागद वाचून दाखवायला सांगायचे. आणि घरी जाताना कोणती गोळी बंद, कोणती चालू, पुन्हा यायचे ते कधी आणि कशासाठी ताबडतोब यायचे, हे स्वतःच्या शब्दांत परत बोलून दाखवायचे. या शेवटच्या कृतीतच खरी परीक्षा आहे, आणि ती रुग्णाची नाही, सांगणाऱ्याची आहे. रुग्णाला परत सांगता आले नाही तर सांगणे नीट झाले नव्हते.

जगानेही हळूहळू हीच दिशा धरली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एका पानाची तपासयादी आणली. तिच्यामागचे प्रमुख शल्यचिकित्सक अतुल गावंडे मूळच्या महाराष्ट्रातल्या घराण्यातले. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरली गेली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. या यादीतली भूल देण्याआधीची पहिली पायरी अशी, की रुग्णाने स्वतः आपले नाव, शस्त्रक्रियेची जागा, शस्त्रक्रिया कोणती आणि संमती यांची खात्री द्यायची. ज्ञापकत्व इथे ऑपरेशन थिएटरच्या दारात पुन्हा उभे राहते. मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य सभेने दरवर्षी १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन ठरवला, आणि २०२३ चा विषय होता सुरक्षेच्या कामात रुग्णांचा सहभाग. ही तारीख मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचीही आहे. हा योगायोग आहे, त्यातून अर्थ ओढून काढण्याचे कारण नाही. पण त्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात झेंडावंदनानंतर वॉर्डात अर्धा तास खर्च करायला तो पुरेसा आहे. कायद्याच्या बाजूने राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद मांडली, आणि महाराष्ट्राने जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारून खासगी रुग्णालयांत रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. फलक लागला म्हणजे शिक्षण झाले असे मात्र नाही. खाटेवर आडव्या पडलेल्या माणसाला दर्शनी भाग दिसत नाही.

या सगळ्यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा, की हे ओझे चुकीच्या खांद्यावर टाकणे आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन म्हणून दिल्या गेलेल्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक विष निघाले आणि चौदा रुग्णांचा जीव गेला. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साखळीतला भ्रष्टाचार आणि हलगर्जी उघड केली. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. चौदा रुग्णांना किंवा दहा बाळांना काय शिकवले असते तर ते वाचले असते? काहीही नाही. हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो आणि त्याची लक्ष्मणरेषाही आखतो: रुग्णाचे शिक्षण हे व्यवस्थेच्या जबाबदारीला पर्याय नाही, आणि ‘तुम्ही विचारले का नाही’ हे वाक्य कोणत्याही चौकशीत बचाव म्हणून चालता कामा नये. तरीही एक गोष्ट उरते. डायइथिलीन ग्लायकॉलने मूत्रपिंडे निकामी होतात आणि लघवी कमी होत बंद पडते. ही खूण प्रयोगशाळेच्या आधी खाटेवर कळते आणि ती कळायला पदवी लागत नाही. ‘कालपासून लघवी झाली नाही’ हे सांगायचे असते हे रुग्णाला ठाऊक असणे, आणि सांगितल्यावर ते कागदावर चढणे, याने गुन्हा टळत नाही. पण धोक्याची घंटा लवकर वाजण्याची शक्यता वाढते. ओझे आणि घंटा यांत फरक आहे.

दुसरा आक्षेप निरक्षरतेचा. शेतमजूर बाईला, तांड्यावरच्या म्हाताऱ्याला हे कसे कळणार? पण विनयाने आणि चरकाने रोग्याकडून वाचता येण्याची अपेक्षा केलीच नव्हती. आठवणे आणि सांगणे मागितले होते. कापसाच्या कोणत्या वावरात कोणते औषध कधी मारले, हे ज्याच्या ध्यानात असते, त्याला तीन गोळ्या ध्यानात राहत नाहीत असे मानणे हा आपलाच आळस आहे. तिसरा आक्षेप डॉक्टरांच्या बाजूने येतो: प्रश्न विचारायला शिकवले की संशय वाढतो, आणि संशयातून हाणामारी. रुग्णालयांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये खास कायदा करावा लागला, तेव्हा ही भीती पोकळ नाही. परंतु आर्थर रोडचा अनुभव उलटे सुचवतो. तिथे जमावाला कोणी प्रश्न विचारायला शिकवले नव्हते. उत्तर कुठून मिळेल याचा पत्ता नव्हता, एवढेच. विचारण्याची वेळ आणि विचारायचे माणूस ठरवून दिले, तर प्रश्न राऊंडच्या वेळी येतो. नाहीतर तो मृत्यूनंतर आरडाओरड्यातून येतो. चौथा आक्षेप वेळेचा आहे आणि तो खरा आहे. एका सिस्टरच्या वाट्याला इतक्या खाटा असताना तिला आणखी एक काम कोण सांगणार? यावर तोड आपल्या वॉर्डातच बसलेली आहे. आपल्याकडे रुग्णाबरोबर नातेवाईक असतो, तो असणारच, आणि सलाईनची चकती तोच फिरवतो. त्याला हाकलून देण्यापेक्षा दिवसातून एकदा चार-पाच नातेवाइकांना एकत्र बसवून दहा मिनिटे सांगितले, तर तोच हात सिस्टरला मदत करील. विनयाने शुश्रूषा करणाऱ्याचे आणि आजाऱ्याचे गुण एकाच ठिकाणी सांगितले, ते उगीच नाही.

सोयगावच्या वाटेने रेफर झालेला रुग्ण घाटीच्या कॅज्युअल्टीत पोचतो, तेव्हा समोरचा डॉक्टर पहिल्यांदा पिशवीतले कागद बाहेर काढतो. अर्धे वाचता येत नाहीत, काही वाटेत राहिलेले असतात. मग तो विचारतो, आधी काय दिले होते? या प्रश्नाला ‘सुई दिली’ असे उत्तर आले तर उपचार अंधारात सुरू होतो. ‘अमुक औषधाची सुई दिली, सकाळी दहाला, मागच्या वर्षी त्या गोळीने मला पुरळ उठले होते’ असे उत्तर आले, तर तीन दवाखान्यांतला तुटलेला धागा एका वाक्यात जोडला जातो. हे दुसरे उत्तर आपोआप येत नाही. गावात सुई देताना कोणीतरी तिचे नाव मराठीत सांगितलेले असावे लागते, ग्रामीण रुग्णालयाच्या खाटेवर कोणीतरी ते परत म्हणवून घेतलेले असावे लागते. सोळाव्या लेण्यातली सुंदरी बोलू शकत नाही, म्हणून तिचे दुखणे आपण अजूनही ‘बहुधा’ लावून सांगतो. खाटेवरचा माणूस बोलू शकतो.